वेली गुलाबाला फुलं फक्त शेंड्याला, खाली नुसत्या काठ्या: दरवर्षी परतणारं दुखणं

तक्रार ठरलेली असते. लहानशा बागेत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात जाळीवर चढवलेला छोट्या जातीचा वेली गुलाब दोन-तीन वर्षांत डोक्याच्या वर जातो. फुलतोही, पण सगळी फुलं वरच्या हातभर भागात. वरच्या मजल्यावरच्यांना बहर दिसतो आणि ज्याने झाड लावलं त्याच्या वाट्याला येतात काटेरी काठ्या. मग एक दिवस वैतागून माणूस कात्री उचलतो, वरचा दोन-तीन फूट भाग उडवतो आणि म्हणतो, आता खालून फुटेल. फुटतं ते कापल्या जागेच्या लगेच खाली. पुढच्या हंगामात फुलं पुन्हा शेंड्यालाच.

हे वर्षानुवर्षं चालतं, कारण उपाय म्हणून आपण जे करतो त्यानेच दुखणं परत येतं. बहुतेक वेळा झाड धडधाकट असतं, खायला-प्यायलाही पुरेसं मिळत असतं. फक्त त्याच्या फांद्या सरळ उभ्या असतात.

उभी फांदी खाली का फुटत नाही

फांदीच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते फांदीतून खाली उतरत राहतं आणि पानांच्या बगलेतले डोळे त्याच्या प्रभावाखाली झोपून राहतात. फांदी जितकी सरळ उभी, तितका शेंड्याचा वरचष्मा जास्त. शेंडा कापला की वरून येणारा हा दाब संपतो, पण त्याचा फायदा कापाखालचे दोन-तीन डोळेच उठवतात. ते भराभर वर निघतात, त्यांचे नवे शेंडे तयार होतात आणि खालचे डोळे पुन्हा गप्प. म्हणजे कात्रीने आपण एका मालकाला घालवून तीन मालक बसवलेले असतात.

तीच फांदी वाकवून आडवी किंवा निदान तिरपी बांधली की चित्र बदलतं. शेंड्याचा वरचष्मा ढिला पडतो आणि फांदीच्या लांबीवर ठिकठिकाणचे डोळे फुगायला लागतात. जवळून बघितलं तर हे सहज कळतं. पान गळलेल्या जागी एक बारीक चंद्रकोरीसारखा वण असतो आणि त्याच्या अगदी वर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तो ठिपका आधी लालसर होतो, मग टोकदार, मग त्यातून तांबूस कोवळी पानं उलगडतात. या प्रत्येक डोळ्यातून वीतभर किंवा थोडी लांब आडफांदी वर येते आणि तिच्या टोकाला कळी धरते. उभ्या फांदीला वर एक झुबका आला असता, आडव्या फांदीला पेरोपेरी फुलं येतात.

वेली गुलाबाला तणावे नसतात. तो स्वतःहून कशालाही वेढे घालत नाही, फार तर काट्यांनी अडकतो. त्यामुळे त्याला कुठे जायचं हे बांधूनच सांगावं लागतं. बांधलं नाही तर तो सरळ वर जाणार, आणि तिथून पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहेच.

बांधायला घेण्याआधी खालचा भाग नीट बघा

खाली उघडं दिसण्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकावर सुतळी चालत नाही. पाच मिनिटं खाली बसून बुंधा बघा.

फांदी हिरवी, टणक आहे, वण स्वच्छ आहेत, पण त्यावर कधी आडफांदी आलीच नव्हती, असं असेल तर दुखणं वर सांगितलेलंच. वाकवा.

खाली पानं होती, पण पिवळी पडून गळली, आणि जमिनीवर पडलेल्या पानांवर काळे ठिपके दिसताहेत, तर तो रोग आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. हे दुखणं खालून वर चढतं, म्हणून लांबून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

फांदी करडी-तपकिरी, भेगाळलेली, अंगठ्यापेक्षा जाड आणि लाकडासारखी झाली असेल, तर तिचं वय झालं आहे. तिला वाकवायला गेलात तर मोडेल.

आणि खालच्या भागावर ऊनच पडत नसेल, म्हणजे कठड्याची सावली, समोर मांडलेल्या कुंड्यांची गर्दी, तर आडवी बांधूनही फुटवे वांझ निघतात. फुटतात, चार पानं काढतात आणि कळीशिवाय थांबतात. गुलाबाला दिवसाला निदान 6 तास थेट ऊन लागतं, आणि सकाळचं असेल तर उत्तम, कारण पानांवरचं दव लवकर सुकतं. झाड हलवता येत नसेल तर समोरच्या कुंड्या तरी हलवा. अशा वेळी खत वाढवण्यात अर्थ नाही.

वाकवायचं कसं

वेळ निवडा ती झाडावर पानं कमी असतानाची आणि नवी वाढ सुरू होण्याआधीची. थंडी कडक असते तिथे हिवाळ्याच्या शेवटी; झाड कधी पूर्ण झोपतच नाही तिथे मुख्य बहर ओसरल्यावर. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. तहानलेली फांदी पटकन मोडते.

सगळ्यात सोपी फांदी म्हणजे त्याच वर्षी बुंध्यातून निघालेली, बोटाएवढी जाड, अजून हिरवी. ती हाताने धरून जिथे नेऊ तिथे जाते. तिचा शेंडा कापायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण हात तिथेच आधी जातो. लांब फांदी म्हणजे जास्त डोळे, आणि जास्त डोळे म्हणजे जास्त फुलं.

जून फांदी एका बैठकीत आडवी करू नका. आधी मधोमध सैल बांधून थोडी खाली ओढा, आठवड्याने गाठ सोडून आणखी थोडी, पुन्हा आठवड्याने आणखी. फांदी कुरकुरली की थांबायचं. उभा तडा गेला पण साल दोन्ही बाजूंनी धरून असली, तर तिथे कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून ठेवा. अशा फांद्या पुष्कळदा जगतात.

वाकवताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी लागते. फांदीची कमान झाली तर सगळ्यात जोमदार फुटवा कमानीच्या सर्वांत उंच जागेवर येतो. बुंध्यापासून फूटभरावरच एकदम मोड दिला आणि शेंडा खाली लोंबला, तर त्या मोडावरून एक लांबलचक पाणफुटवा सरळ आकाशात निघेल आणि बाकी फांदी सुस्त राहील. म्हणून बुंध्यापासून हळूहळू तिरपी नेत फांदी आडवी करायची. शेंडा किंचित वर राहिला तर बिघडत नाही. अगदी सपाट झालीच पाहिजे असंही नाही. 45 अंशांच्या आसपास आली तरी फरक दिसतो.

बांधायला सुतळी, सुती नाडी किंवा जुन्या कपड्याची चिंधी. तार नको, प्लॅस्टिकचे आवळते पट्टेही नकोत. फांदी जाड झाली की ते सालीत रुततात आणि वरचा भाग सुकतो. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मारा, एक वेढा जाळीला आणि एक फांदीला, मधे बोटभर जागा ठेवून. आणि फांद्या जाळीच्या भोकांतून मागेपुढे ओवू नका. पहिल्या वर्षी ते फार सुबक दिसतं. तिसऱ्या वर्षी वाळलेली फांदी काढायची वेळ येते तेव्हा एकतर जाळी कापावी लागते किंवा झाड.

भिंतीवर तारा ओढायच्या असतील तर पहिली तार जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरवर, पुढच्या 30 ते 45 सेंटिमीटर अंतराने, आणि भिंतीपासून 5 ते 8 सेंटिमीटर सुटी. मागून वारा खेळला पाहिजे. तापलेल्या भिंतीला चिकटून बसलेली पानं लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीला आयतीच सापडतात.

पण आडवं पसरायला जागाच कुठे आहे?

लहान जागेतल्या सगळ्यांचा हा प्रश्न, आणि रास्त आहे. आडव्या फांद्यांच्या पंख्याची जी चित्रं असतात ती लांबलचक भिंतींची असतात.

जागा जेमतेम 60 ते 90 सेंटिमीटर रुंद असेल तर फांदी नागमोडी न्या. डावीकडून तिरपी उजव्या कडेपर्यंत, तिथे सावकाश वळण, मग तिरपी डावीकडे. दोन फांद्या एकमेकींच्या उलट दिशेने सोडल्या की जाळी तळापासून भरते. वळणावर फुटवे जोरात येतात, ते जमेस धरूनच वळणाची जागा ठरवा, म्हणजे उघड्या कोपऱ्यातच फुलं येतील.

जाळीच नसेल, एखादा खांब किंवा तिवई असेल, तर फांद्या त्याभोवती मळसूत्राप्रमाणे फिरवा. बहुतेक लोक इथे फसतात ते वेढ्याच्या चढात. दोन मीटर उंचीत एकच वेढा दिला तर ती फांदी जवळपास उभीच आहे, उपयोग शून्य. वेढे जवळजवळ, जमेल तितके सपाट हवेत. म्हणून कोवळ्या फांदीपासूनच फिरवायला सुरुवात करायची, ती फूटभर वाढली की पुढचा वेढा.

आणि फांद्या मुळीच वाकत नाहीत, झाड जुनं आहे, जागाही नाही, तर एक उपाय कात्रीचाच, पण वेगळ्या पद्धतीचा. सगळ्या फांद्या एकाच उंचीवर कापण्याऐवजी एक गुडघ्याएवढी, एक कमरेएवढी, एक खांद्याएवढी आणि एक तशीच लांब ठेवा. फुलं प्रत्येक फांदीच्या टोकाजवळच येतील, पण टोकं वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे झाड खालपासून वरपर्यंत भरल्यासारखं दिसेल. आडव्या बांधणीइतकं हे फुलत नाही. तरी दरवर्षीच्या सरसकट छाटणीपेक्षा कितीतरी बरं.

कात्री कुठे चालवायची

मुख्य फांद्या म्हणजे सांगाडा. लागवडीनंतर पहिली दोन वर्षं सांगाड्याला हात लावू नये, मेलेलं किंवा मोडलेलं काढण्यापुरता अपवाद. कात्री चालते ती आडफांद्यांवर. बहर संपल्यावर फुललेली आडफांदी दोन-तीन डोळे ठेवून कापा. पुढची फुलं त्याच डोळ्यांतून येतात. हंगामात वाळलेली फुलं वेळच्या वेळी काढली नाहीत तर त्यामागे फळ धरतं आणि झाडाचा जोर बियांकडे वळतो.

झाड पाचेक वर्षांचं झालं की दरवर्षी सगळ्यात जुनी एक फांदी बुंध्याजवळून काढा. एकच. बुंध्यावर ऊन पडलं की तिथून नवा धुमारा निघण्याची शक्यता वाढते, आणि तो निघाला की तीच तुमची पुढच्या वर्षांची फांदी. वेडावाकडा वाटतो म्हणून तो छाटून टाकणारे लोक आहेत! तो हिरवा आहे तोवर त्याला दिशा द्या. वाढू द्या महिनाभर, मग सैल बांधा.

दोन जातींच्या बाबतीत जास्त सांभाळावं लागतं. वर्षातून एकदाच फुलणारे गुलाब गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांची छाटणी बहरानंतर लगेच. नव्या वाढीच्या तोंडावर छाटलं तर त्या वर्षीची फुलंच गेली. ‘फुलत नाही हो’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच निघतं. दुसरी जात म्हणजे झुडपी गुलाबात आपोआप बदल होऊन झालेल्या वेली. उदाहरणार्थ, ‘आइसबर्ग’ हे 1958 सालचं झुडूप आणि त्याचीच 1968 सालची ‘क्लाइंबिंग आइसबर्ग’. नावाआधी ‘क्लाइंबिंग’ लावलेल्या अशा जातींना सुरुवातीलाच खोल छाटलं तर त्या पुन्हा झुडपाच्या वळणावर जाऊ शकतात, आणि मग चढायचं नावच घेत नाहीत.

खालची पानं गळत असतील तर

काळ्या ठिपक्यांचा रोग ‘डिप्लोकार्पॉन रोझी’ या बुरशीमुळे होतो. ठिपक्याची कड बघा, ती गुळगुळीत नसते, शाई टिपकागदावर पसरावी तशी फिसकटलेली असते. भोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. इथेच सगळा उपाय आहे. पाणी सकाळी द्या, मातीत द्या, पानांवर नको. पडलेली पानं रोज उचला आणि खताच्या ढिगात टाकू नका. मातीवर दोन इंच आच्छादन पसरा, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू खालच्या पानांवर उडत नाहीत. जमिनीलगतची वीतभरातली पानं काढून टाकली तरी चालतात. बुरशीनाशकाच्या फवारणीने रोग न लागलेली पानं वाचतात, लागलेली बरी होत नाहीत. तेव्हा अर्धं झाड उघडं पडल्यावर बाटली आणणं व्यर्थ.

1868 सालची ‘झेफिरिन द्रुआं’ ही बिनकाट्यांची सुगंधी जात वर्दळीच्या वाटेवर लावायला सगळे सुचवतात, आणि काटे नाहीत हे खरंच सोयीचं आहे. पण ती काळ्या ठिपक्यांना आणि भुरीला लवकर बळी पडते. वारा कोंडलेल्या कोपऱ्यात मी तरी ती लावणार नाही.

भुरीचं गणित उलट आहे. पांढरी पीठासारखी बुरशी येते ती पानं कोरडी, मुळं तहानलेली आणि हवा दमट असताना. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही, त्यामुळे भर पावसातही तिथली माती कोरडी असू शकते. बोट घालून बघा. झाड लावतानाच ते भिंतीपासून 30 ते 45 सेंटिमीटर दूर लावून भिंतीकडे कललेलं ठेवावं ते यासाठीच.

लाल कोळी असेल तर पानावर बारीक फिकट टिपके आणि मागे तलम जाळं दिसतं. पानांची मागची बाजू चार-पाच दिवस सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

खत, कुंडी आणि आगंतुक फुटवा

लांब, लुसलुशीत, गडद हिरव्या फांद्या आणि कळ्या नाहीत, तर नत्र जास्त झालंय. लॉनला घालायचं खत जवळपास टाकलं जात असेल तर ते आधी थांबवा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह मिळत नाही. सिमेंटच्या पायालगतची माती किंवा क्षारांचं पाणी हे नेहमीचं कारण, गुलाबाला मातीचा 6 ते 6.5 सामू (पीएच) मानवतो. जुनी पानं कडेच्या आतून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी. एप्सम सॉल्ट कामाचं ते फक्त इथे. सर्व दुखण्यांवर चमचाभर टाकायचं ते औषध नव्हे.

कुंडी 45 सेंटिमीटरपेक्षा कमी खोल-रुंद असेल तर बाकी सगळं वाचूनही फार फरक पडणार नाही. पाणी घातल्याबरोबर खालून निघून जातं, झाड दुपारी मान टाकतं, म्हणजे मुळांनी कुंडी भरली. कुंडी बदला, निदान दरवर्षी वरची दोन इंच माती काढून कुजलेलं खत भरा.

कलमी गुलाबाच्या खुंटातून, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम बांधलं त्यातून, कधीकधी एखादा फुटवा निघतो, आपल्या जातीपेक्षा जोमदार, आणि हळूहळू तोच झाड होतो. एका देठावर सात पानं असलेला फुटवा जंगली आणि पाच पानांचा खरा, असा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्यावर विसंबू नका, कितीतरी चांगल्या वेली गुलाबांना सात पानंच असतात. माती उकरून फुटवा कुठून निघालाय ते बघा. कलमाच्या गाठीच्या खालून निघाला असेल तर कापू नका, कापला की तिथूनच चार फुटतात. मुळाशी धरून झटक्याने ओरबाडून काढा.

एवढं करूनही जमत नसेल

मग जात तपासा. लहान जागेसाठी 2 ते 2.5 मीटरवर थांबणाऱ्या जाती असतात, ‘वॉर्म वेलकम’, ‘लॉरा फोर्ड’ किंवा गुलाबी बारीक फुलांची ‘जीन लाजोई’ यांसारख्या. यांचा गुण असा की त्या खालपासून फुटतात; बांधणीत थोडी कुचराई झाली तरी सांभाळून घेतात. उलट ‘न्यू डॉन’ घ्या. 1930 साली आलेली आणि 1931 साली वनस्पतीचं पहिलं अमेरिकी पेटंट मिळवणारी सुंदर जात, पण तिला पाच-सहा मीटर सहज लागतात. ती हातभर रुंद जाळीवर कितीही वाकवली तरी दर हंगामात कठड्याबाहेर जाणारच. अशा झाडाशी भांडत बसण्यापेक्षा ते मोकळ्या जागा असलेल्या कुणाला तरी देऊन टाकलेलं बरं.

नवं झाड निवडताना उंचीबरोबर पसारा आणि परत फुलतं की एकदाच, हेही विचारून घ्या. आणि ते जुन्या गुलाबाच्याच खड्ड्यात लावणार असाल तर खड्डा 45 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद करून सगळी माती बदला. गुलाबाच्या जागी लगेच लावलेला गुलाब पुष्कळदा रुजूनही खुरटा राहतो, आणि ते खुरटेपण कुठल्याही खताने जात नाही.